नवरदेवाच्या मनगटाचं माप

“वजनच न्हाई ओ ह्याला. पापड हाय का घड्याळ?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बापू, म्हणजे नवरदेवाचे थोरले चुलते, माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि दुकानदाराशी बोलत होते. त्यांच्या तळहातावर पांढऱ्या तबकडीचं एक पातळ घड्याळ होतं. ते हात वरखाली करून त्याचं वजन घेत होते, कोथिंबिरीची जुडी पाण्यानं जड झालीय की काय हे बघतात तशा चेहऱ्यानं. मी मागच्या बाकावर मामीला चिकटून बसले होते आणि मनातल्या मनात त्या घड्याळाची माफी मागत होते. ट्रेमधल्या चाळीसेक घड्याळांत मला तेवढं एकच आवडलं होतं.

आम्ही लातूरहून नांदेडला बस्त्यासाठी आलो होतो. लग्नाचा कपडा घ्यायला दोन्हीकडची माणसं मिळून जातात, तो बस्ता. नवरी मी होते. नवरदेवाची अंगठी, बूट आणि घड्याळ मुलीकडच्यांनी घ्यायचं असा रिवाज आहे, आणि निवड कुणाची यावर रिवाज काही बोलत नाही, त्यामुळे ती ज्याचा आवाज मोठा त्याची होते. बापूंनी सकाळीच जाहीर केलं होतं, “कपड्याला दिवस पुरत न्हाई. घड्याळ पयलं उरकू.” दोन जीप भरून बाया कापडाच्या दुकानात गाद्यांवर जागा धरायला पुढे गेल्या. घड्याळाच्या दुकानात उरलो आम्ही पाच जण: बापू, नवरदेव, माझे पप्पा, मामी आणि मी. काचेपलीकडे दुकानदार, कपाळावर भिंग सरकवलेला, इतका हळू बोलणारा की घड्याळांची झोपमोड होईल अशी त्याला भीती असावी.

मी तिथे नवरी म्हणून कशी पोचले हे सांगायचं तर माझ्या एका “हं”पासून सुरुवात करायला हवी.

महिन्यापूर्वी ही मंडळी लातूरला आमच्या घरी मला बघायला आली. मुलगा हदगावकडचा. घरची शेती गावाला, त्याची नोकरी नांदेडला एका ऑफिसात. आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर बोलायला सोडलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. तो म्हणाला, “तुम्हाला काही विचारायचंय?” मी म्हणाले, “नाही. तुम्हाला?” तो म्हणाला, “नाही.” उरलेली नऊ मिनिटं आम्ही शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया बघितल्या. खाली आल्यावर पप्पांनी विचारलं, “पसंत आहे ना?” आणि मी “हं” म्हणाले. माझ्या तोंडून “हं” आलं म्हणजे ऐकू आलं, एवढंच खात्रीनं सांगता येतं. पप्पांनी त्याचा अर्थ होकार घेतला आणि चार दिवसांत तारीख निघाली.

दोष पप्पांचा नाही. माझ्याकडून यापेक्षा लांब उत्तर त्यांना क्वचितच मिळालेलं आहे. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या, आणि गावी गेल्यावर एखादा इंग्लिश शब्द निसटला की चुलतभाऊ सरसावून बसायचे, “मॅडम आल्या ओ, खुर्ची आणा.” दोन्हीकडे गप्प राहणं स्वस्तात पडायचं. आणि गप्प राहणारी मुलगी मान खाली घालून बसते. मान खाली घातली की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. तर मी वर्षानुवर्षं लोकांचे हात बघत आले. माझी एक मैत्रीण मला रस्त्यात भेटली तर मी तिला आधी मनगटावरून ओळखते आणि मग वर बघते.

त्यातून मला घड्याळांचं कळायला लागलं. किमतीचं नाही, डौलाचं. प्रवेशपरीक्षेसाठी लातूरच्या ज्या क्लासला मी दोन वर्षं घासले तिथल्या फिजिक्सच्या सरांच्या हातात ताटलीएवढं घड्याळ असायचं. मोठ्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या. त्या कशासाठी आहेत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण सरांनीही दोन वर्षांत कधी त्यात बघितलं नाही. याउलट लातूर-नांदेड गाडीवरचे एक कंडक्टर घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. हात वर करून दांडी धरली की वेळ बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर यायची, मान वळवायचंही काम नाही. पट्टा जुना, कडेला काळ्या दोऱ्यानं शिवलेला. आणि नांदेडला गुरुद्वाऱ्याबाहेर जोडे सांभाळणारे एक म्हातारे बाबा मला आठवतात. उजव्या हातात कडं, डाव्या हातात भाकरीच्या पापुद्र्याएवढं पातळ घड्याळ. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या चपला घेतल्या तेव्हा मला वाटलं, हे दोन्ही ते जन्मताना घेऊनच आले असावेत.

म्हणजे काय, तर ऐट करावी लागते आणि डौल नुसता असतो. ज्या घड्याळाकडे मालकाला सारखं बघावं लागतं, बाही वर करावी लागते, ते मला कधी देखणं वाटलं नाही. तबकडीवर आकडे जितके कमी तितकं घड्याळ शांत. हे माझं मत मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मामीला मात्र सांगितलं. मामी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे आणि घरात माझ्या वाटचं तीच बोलते. बस्त्याच्या आदल्या दिवशी भांडी घासता घासता मी तिला म्हणाले, “मामी, मी हो म्हणाले नव्हते. नाही पण म्हणाले नव्हते.”

तिच्या हातातली कढई तिथेच थांबली. “आता सांगतीस व्हय? मग काय म्हणतीस?”

“माहीत नाही. दोनदा फोन आला त्यांचा. दोन्ही वेळा आम्ही दोघं गप्प. मला वाटलं फोन कट झाला.”

“मग ठरवणार कसं?”

“उद्या ते घड्याळ कसलं घेतात बघते. त्यावरनं ठरवते.”

मामी मटकन पाटावर बसली. “बाई ग! लोकं पत्रिका बघतात, शेत बघतात, मुलगा पितो का बघतात. तू घड्याळ बघ.” हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “हे बघ, तुला नको असंल तर मी तोंड उघडते. तुझ्या पप्पांपुढं, त्यांच्या बापूपुढं, कुणापुढंबी. पण कपडा फाडायच्या आधी सांग. एकदा का दुकानात कापड फाडलं की मग दोन घरांची इज्जत त्यात असती. मग मला सांगू नको.”

म्हणजे मला वेळ होता तो घड्याळाच्या दुकानातून उठेपर्यंत.

क्लासची दोन वर्षं वाया गेल्यावर मी तिथेच नोकरीला लागले. सराव परीक्षेचे पेपर टाइप करते, चुका काढते. लातुरात राहून हे काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक हिशोब कायमचा बसतो: बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य. मी त्याच पद्धतीनं मुलाला मार्क द्यायचे ठरवलं होतं. त्याला बिचाऱ्याला आपला पेपर चालू आहे याचा पत्ता नव्हता.

पहिले चार मार्क त्यानं तोंड न उघडता मिळवले. त्याचं डावं मनगट रिकामं होतं. घड्याळ घ्यायला जाताना नवरदेवाला जुनं घड्याळ घरी काढून ठेवायला लावतात, नाहीतर पोरीकडचे म्हणतील, ह्याच्याकडं हाय की. पण उन्हानं रापलेल्या कातडीवर घड्याळ आपली जागा सोडून जातं. बोटापेक्षाही अरुंद असा एक पांढरा पट्टा, मध्ये जुन्या आठ आण्याएवढा गोल. मनगटाच्या हाडाच्या बरोबर मागे, इकडे नाही तिकडे नाही. म्हणजे घड्याळ छोटं होतं, पट्टा साधा होता, आणि ते हातावर घसरत नव्हतं. मी मामीला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं मला पाणी पाहिजे.

मग दुकानदारानं त्याला विचारलं, “साहेब, तुम्हाला कशा पद्धतीचं पाहिजे?”

“बापूंना विचारा.”

वजा एक.

“साहेब, तबकडी काळी का पांढरी?”

“बापू सांगतील.”

आणखी वजा एक.

बापूंना सांगायला खूप होतं. “असं बघा पाव्हणं,” ते पप्पांना म्हणाले, “घड्याळ कसं पायजे? मांडवात शेवटच्या रांगेत बसल्याला माणसाला दिसलं पायजे. त्यानं बाजूच्याला म्हणलं पायजे, नवरदेवाला घड्याळ घातलंय बर का.”

“हाव, बापू म्हणतील तसं,” पप्पा म्हणाले. बापूंनी भिंतीवरचं घड्याळ पसंत केलं असतं तरी पप्पांनी ते नवरदेवाच्या हाताला कसं बांधायचं एवढंच विचारलं असतं.

बापूंचं स्वतःचं घड्याळ बघण्यासारखं होतं. सोनेरी, जाड साखळीचं, आणि काचेवर दुकानातून येताना असतो तो प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच. कागद पिवळा पडला होता, त्याखाली हवेचे बुडबुडे धरले होते, त्यामुळे काटे दिसत नव्हते. काच खराब होऊ नये म्हणून त्यांनी इतकी वर्षं वेळ बघायचं सोडून दिलं होतं. वेळ पाहिजे असली की ते शेजारच्याला विचारत. आताही त्यांनी सवयीनं पुतण्याला विचारलं, “किती वाजले रे?” पुतण्यानं रिकामा हात दाखवला. बापूंनी भिंतीभर लावलेल्या घड्याळांकडे बघितलं. “ही सगळी दहा वाजून दहावर अडकलीत काय?”

“बंद ठेवतो साहेब. सेल वाचतो.”

“म्हणजे एवढ्या घड्याळात टाइम कुणालाच मालूम न्हाई!” बापू वळले. “सूनबाई, तुझ्या हातात हाय का?”

 मी नुसता हात पुढे केला. बापूंनी डोळे बारीक करून माझं घड्याळ बघितलं. “हे बटन हाय का घड्याळ? ह्यात काटे मावले कसे?” मग डोकं आणखी जवळ आणून म्हणाले, “साडेअकरा. चालतंय की पण!” आणि स्वतःच खूश होऊन हसले. त्यांचा राग यावा अशी माझी फार इच्छा होती. जमेना.

शेवटी त्यांना हवं ते सापडलं. सोनेरी, तीन पोटतबकड्या, कडेला तीन खुंट्या, आकड्यांच्या जागी चमकणारे खडे. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि हात खाली गेला. “हां! आता कळतं, कायतरी धरलंय.” त्यांनी ते नवरदेवाच्या हातात चढवलं. हात बारीक, साखळी भलीमोठी. घड्याळ आधी मनगटावर लटकलं, मग त्यानं हात वर करताच सरसर कोपरापर्यंत गेलं.

“कसं वाटतंय?” बापू.

“बरं हाय.”

पुन्हा वजा एक. मामीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मला त्या घड्याळाचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. वाटलं याचं, की असा पांढरा पट्टा हातावर वागवणारा माणूस “बरं हाय” म्हणतो, तर पुढे चाळीस वर्षं मला त्याचं खरं कधी कळणार?

दुकानदार म्हणाला, “चार कड्या काढतो साहेब, मापात येईल.”

“कड्या काढायच्या न्हाईत,” बापूंनी हात आडवा केला. “माणूस लग्नानंतर भरतो. मी भरलो, ह्याचा बाप भरला. हे बघा.” त्यांनी आपलं मनगट काचेवर ठेवलं. साखळी मांसात अशी रुतली होती की वांग्याला दोरा आवळल्यासारखी दिसत होती. “माझ्या लग्नात कड्या काढल्या. म्हणले, जपून ठेवा. कुठं ठेवल्या, कुणी ठेवल्या, आजपतुर खबर न्हाई. माझं घड्याळ मला चावून राहिलंय. पोराच्या बाबतीत ते व्हायचं न्हाई. सैल राहू द्या.”

 पप्पांनी मान डोलावली. तेवढ्यात बापूंचा फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते स्पीकर लावून छातीपाशी धरतात. पलीकडून त्यांच्या बायकोच्या आवाजासकट कापडाच्या दुकानातला सगळा गलका आमच्या दुकानात आला. “आवो, शर्टपीस काढून ठेवलेत, झंपराचं कापड निघालंय. फाडू का?”

“थांब. घड्याळ होऊ दे.”

चहा आला. दुकानदारानं बापूंना मान म्हणून कपबशी दिली, आम्हाला कागदी कप. बापूंनी सगळा चहा बशीत ओतला आणि बशी दोन्ही हातांनी तोंडाकडे नेली. नवरदेवानं बिस्किटाचा पुडा उचलून त्यांच्यापुढे धरला, त्याच डाव्या हातानं. मी अर्थातच चेहऱ्यांकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. त्यामुळे पुढचं मी एकटीनंच पाहिलं. त्यानं अंगठा हळूच तळव्यात मोडला. बांगडी चढवताना कासारीण आपला हात दाबते ना, अंगठा करंगळीकडे नेऊन, अगदी तसा. हात एकदम निमुळता झाला, बोटं खाली झुकली, आणि सोनेरी घड्याळ घसरगुंडीवरून यावं तसं येऊन बापूंच्या बशीत पडलं.

चहा बापूंच्या पांढऱ्या शर्टावर, पप्पांच्या पँटवर, थोडा मामीच्या पदरावर.

“आरं, आरं, आरं!”

“काही होत नाही साहेब,” दुकानदार पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, “पाण्यात चालतं ते.”

“पाण्यात चालत असंल. चहात?”

“चुकलं बापू,” नवरदेव म्हणाला. चेहरा असा, जणू आत्ताच देवळातून आलाय. अंगठा परत जागेवर. मामी पदर पिळत बडबडत होती, पप्पा रुमाल शोधत होते, आणि मी हनुवटी छातीला टेकवून बसले होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. आयुष्यात मी किती वेळा असंच केलं होतं! नको असलेली भाजी मांजरापुढे सांडली होती, नको त्या नातेवाइकांच्या फोनला स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या होत्या. तोंडानं नाही म्हणायची ताकद नसलेल्या माणसाला हातानं बरंच काही म्हणता येतं. हे मला वाटत होतं फक्त मलाच येतं.

चार मार्क. बोनसची सोय असती तर तोही दिला असता.

“हे न्हाई,” बापूंनी शर्ट झटकत निकाल दिला. “हातात राहत न्हाई ते घड्याळच न्हाई. दुसरं बघा.”

आता माझी पाळी होती, पण बोलून नव्हे. मघाचं ते पातळ घड्याळ आणि त्याची डबी बापूंनी मागे आमच्या बाकावर सरकवली होती. लाकडी, चौकोनी, आत मखमलीची गादी. मी ती उचलून बघितली होती आणि चकित झाले होते, अर्धी वीट हातात घ्यावी इतकी जड. मी घड्याळ डबीत बसवलं, झाकण लावलं आणि डबी मामीच्या मांडीवर ठेवली. मामीनं डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली जी लग्नाघरात फार धोक्याची असते.

“बापू,” ती पदर सावरत म्हणाली, “हे एक राहिलं की बघायचं. हातात घेऊन तर बघा. डबीसकट घ्या.”

बापूंनी डबी तळहातावर घेतली. वरखाली केली. पुन्हा केली. “हां. आता ह्यात हाय कायतरी. ह्याला म्हणतात माल.” पप्पा म्हणाले, “हाव, वजनदार दिसतंय.” नवरदेव छताच्या पंख्याकडे बघत होता, अतिशय मन लावून.

बापूंनी झाकण उघडलं. आत पापड.

 बापूंनी घड्याळाकडे बघितलं, डबीकडे बघितलं, मामीकडे बघितलं. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. “वयनी, तुम्ही लई बेरकी हाव! डबी विकून राहिल्या मला.” ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मामीनं सगळा दोष स्वतःवर घेतला आणि मी नेहमीसारखी साधीभोळी राहिले. हसून झाल्यावर बापूंनी ते घड्याळ पुतण्याला दिलं. “घाल. बघू तरी, दिसतं का हातात.”

त्यानं घातलं. काळा चामडी पट्टा, पांढरी तबकडी, आकडे नाहीत, बारीक बारीक रेघा. ते बरोबर त्या पांढऱ्या पट्ट्यावर जाऊन बसलं. बापूंनी त्याचा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “वंगाळ न्हाई. पण चामडं न्हाई चालणार. होमापाशी बसायचं, देवाला हात लावायचा. चामडं घालून?”

यात ते बरोबर होते. माझ्या मनात तो विचारही आला नव्हता. दुकानदारानं आतून एक बारीक कड्यांची स्टीलची साखळी आणली आणि भिंग डोळ्यावर ओढून दोन मिनिटांत बदलून दिली. काचेवर ठेवलं तेव्हा ते घड्याळ चामडी पट्ट्यातल्यापेक्षाही छान दिसलं. साखळी पाण्याच्या ओघळासारखी पसरली. पण नवरदेवानं हातात चढवलं आणि सगळं बिघडलं. साखळी सैल. तबकडी वळून मनगटाच्या खाली गेली, तो ती वर आणायचा, ती परत खाली. एवढं नाजूक घड्याळ आणि थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखं लोंबत होतं. सोनेरी घड्याळ सैल असताना नुसतं विनोदी दिसलं होतं, हे सैल असताना गरीब दिसत होतं. तेव्हा मला माझ्याच मताची उरलेली बाजू कळली. पातळ असून भागत नाही, साधं असून भागत नाही. घड्याळ ज्याचं त्याच्या मापाचं नसलं तर डौल कुठून येणार?

“चार कड्या काढू का?” दुकानदारानं भीत भीत विचारलं.

“एकदा सांगितलं न्हाई का?” बापू. “कड्या जात्यात. माणूस भरतो. मग घड्याळ चावतं.”

फोन पुन्हा वाजला. पुन्हा छातीपाशी, पुन्हा स्पीकर. “आवो, दुकानदार कात्री घेऊन बसलाय. बाकीची गिऱ्हाइकं उभी हायत. फाडू का न्हाई, एक सांगा!”

“थांब एक मिनिट,” बापू म्हणाले, पण फोन बंद केला नाही.

मामीचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं. ती पुटपुटली, “बोल. आत्ता न्हाई तर न्हाई. मी उठू का?”

दुकानदार नवरदेवाकडे वळला. “साहेब, तुम्ही सांगा. काय करू?”

मी त्याच्या “बापूंना विचारा”ची वाट बघत होते. पण त्यानं घड्याळ हातातून काढलं, काचेवर ठेवलं आणि बाकावर वळून सरळ माझ्याकडे बघितलं. मला वर बघावंच लागलं. म्हणजे महिनाभरात पहिल्यांदा मी त्याचा चेहरा नीट पाहिला. चेहरा घाबरलेला होता. माझ्याइतकाच.

“तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “काढायच्या का राहू द्यायच्या?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बापूंनी बघितलं. बापूंच्या छातीवरच्या फोनमध्ये कापडाच्या दुकानातली सगळी बायामंडळी चिडीचूप झाली, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.  शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत अशाच वेळी मी खाली बसले होते. “हं” तोंडाशी आलं होतं, अगदी दातांच्या मागे, आणि मला माहीत होतं की आज त्याचा कुणालाच काही अर्थ लावता येणार नाही. मी ते गिळलं. बापूंच्या त्या आवळलेल्या मनगटाकडे बघितलं आणि त्यांच्याशीच बोलले.

“बापू, काढू द्या चार कड्या. हरवायच्या न्हाईत. ह्यांचा हात भरला की मीच आणून बसवून घेईन, तवर माझ्याजवळ राहतील.”